एकवीस डिग्रीचं दूध

काकूंच्या दुधात पाणी आहे, हे मी एका सोमवारी सकाळी पावणेआठ वाजता आमच्या जिन्यात उभं राहून, अकरा दारं उघडी असताना, ओरडून सांगितलं. ओरडून अशासाठी, की माझा आवाजच तसा आहे. बसडेपोच्या बॅटरी रूममध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस बायकोकडे टॉवेल मागतो, तोसुद्धा शेवटच्या फलाटावरच्या कंडक्टरला ऐकू जाईल असा मागतो. पुढे जो तमाशा झाला त्यात पहिली चूक माझी होती. ती मी लपवणार नाही. पण मग बाकीच्यांच्याही लपवणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात चहापासून झाली. आठवडाभर चहा असा लागत होता, की कपात दूध शिंकून गेलंय. हे मी गेटपाशी सहज बोललो आणि नेमके आमचे सेक्रेटरी मागे उभे होते. त्यांना सगळी इमारत तोंडावर 'डॉक्टर' आणि पाठीमागे 'पीएचडी' म्हणते. दारावर 'डॉक्टर' अशी पितळी पाटी आहे. ती वाचून तळमजल्यावरच्या आजी एकदा त्यांच्याकडे गुडघा दाखवायला गेल्या. त्यांनी पाऊण तास गुडघ्यावर व्याख्यान दिलं. गुडघा बरा झाला नाही, पण आजींनी त्या गुडघ्याबद्दल पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

"तुमच्यासारख्यांनी जिभेवर विसंबू नये," पीएचडी म्हणाले. "मोजमाप लागतं. शास्त्रीय."

'तुमच्यासारख्यांनी.' मी नववीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं बॅटऱ्यांनी शिकवलं. फोरमनच्या जागेसाठी मी तीनदा मुलाखत दिली आणि तिन्ही वेळा समोरच्यांनी चष्मा वर करून एकच विचारलं, "डिग्री?" द्रवाची घनता मोजायची नळी अख्ख्या डेपोत माझ्याइतकी कुणाला कळत नाही, आणि हा मनुष्य मला मोजमाप शिकवणार! म्हटलं, थांब. शास्त्रच आणतो.

डेपोतली नळी घरी आणावी असं आधी मनात आलं. बायको म्हणाली, "ॲसिडातली नळी माझ्या दुधात घातलीत, तर मी माहेरी जाणार नाही. तुम्हाला पाठवीन."

म्हणून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो.

"लॅक्टोमीटर आहे का?"

"शाळेसाठी पाहिजे की संशयासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"त्यात काय फरक?"

"शाळेचे लोक पावती मागतात. संशयाचे आजूबाजूला बघतात."

मी आजूबाजूला बघायचं थांबवलं आणि पावती मागितली. त्यानं वस्तू काढली. काचेची नळी, खाली फुगा, फुग्यात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेवर आकडे. द्रव दाट असला तर नळी वर उचलली जाते, पातळ असला तर खाली जाते. आमच्या ॲसिडच्या नळीची सख्खी मावसबहीण.

"दूध ज्या आकड्याला टेकेल ती दुधाची डिग्री," तो म्हणाला. "गाईचं चांगलं दूध अठ्ठावीस ते तीस. आत कागद आहे, तो वाचा."

मी हसलो. बावीस वर्षं पोहणाऱ्याला हा तलावाचा नियम-फलक वाचायला सांगत होता. कागद डबीत तसाच राहिला.

सोमवारी सकाळी काकूंनी दूध घातलं आणि त्या वरच्या मजल्यावर गेल्या. मी मोजणीला बसलो. पातेल्यात नळी आडवी झाली. पेल्यात तिचं बूड तळाला टेकलं. बॅटरीच्या नळीला तिचं स्वतःचं काचेचं घर असतं, हिचं घर कुठून आणायचं? दार उघडंच होतं, त्यामुळे शेजारी आलेच. इन्शुरन्सवाले म्हणाले, "थेंब नखावर ठेवा, ओघळला तर पाणी." शिवणकामवाल्या वहिनी म्हणाल्या, "सुईच्या टोकावर धरून बघा, भावजी." वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना ऐकू कमी येतं म्हणून जे नेहमी उत्तर आधी देतात, ते म्हणाले, "डावा हात वर करून झोपा." त्यांना वाटलं, माझी छाती दुखतेय.

"तुमचं भांडं ठरेपर्यंत दूध नासेल," असं म्हणून बायकोनं पातेलं गॅसवर चढवलं. तेवढ्यात मला मेव्हण्यानं लग्नाच्या वाढदिवसाला दिलेली उंच काचेची फुलदाणी दिसली. आतली प्लॅस्टिकची फुलं उपसली, फुलदाणी धुतली, गॅसवरचं पातेलं उतरवून दूध तिच्यात ओतलं. नळी सोडली. ती डुबकली, वर आली, पुन्हा डुबकली आणि स्थिर झाली.

एकवीस.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी जिन्यात गेलो आणि ओरडलो.

काकू वरून कॅन घेऊन उतरत होत्या. गावाबाहेर त्यांचा गोठा, चार गाई, एक जुनी मोपेड. नऊ वर्षं आमच्या अकरा घरांत त्यांचं दूध.

"काय म्हणालात, दादा?"

"एकवीस!"

"एकवीस काय?"

"डिग्री! तुमच्या दुधाची डिग्री अठ्ठावीस पाहिजे. एकवीस आलीय!"

"माझ्या गाई शाळेत गेल्या नाहीत, दादा. त्यांना डिग्री कुठली?"

सगळा जिना हसला. आणि इथं माझं डोकं फिरलं. 'डिग्री' या शब्दावर लोक हसले की मला वाटतं, ते मलाच हसतायत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "पाणी घालता तुम्ही!" मी म्हणालो. "नऊ वर्षं आम्हाला पाणी पाजताय!"

काकूंनी कॅनचं झाकण दाबून बसवलं. "बरं, साहेब," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. नऊ वर्षांचा 'दादा' एका मिनिटात 'साहेब' झाला. बढती म्हणावी, तर इतकी वाईट बढती मी पाहिली नाही.

दोन दिवसांत अकरापैकी आठ घरांनी काकूंचं दूध बंद केलं. तिसऱ्या दिवशी फलकावर पीएचडींची नोटीस लागली. नियमाप्रमाणे एकवीस दिवसांनंतरच्या रविवारी सभा. विषय एक : दूधवाल्या बाईंना फाटकातून कायमची प्रवेशबंदी. विषय दोन : जिन्याखालची खोली एका नव्या डेअरीला सुट्ट्या दुधाच्या विक्रीसाठी देणे. डेअरीच्या पत्रकावर लिहिलं होतं, 'गाईचं दूध, जसंच्या तसं.' डेअरीचा मालक पीएचडींचा साडू आहे, हे मात्र कुठंच लिहिलं नव्हतं. ते आम्हाला वहिनींकडून कळलं. दोन्ही साडवांच्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवतात.

"तक्रार तुम्हीच करा," पीएचडी मला म्हणाले. "मोजणी तुमची, श्रेय तुमचं."

श्रेय! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला ते देत होतं. मी तीन पानी अर्ज लिहिला. विषय असा : 'डिग्री कमी असताना ती पूर्ण असल्याचे भासवून रहिवाशांची फसवणूक होत असल्याबाबत.' पहिल्या पानावर मी तत्त्व मांडलं. दुसऱ्या पानावर समाजाची घसरण मांडली. दूध तिसऱ्या पानावर येत होतं. सरकारी तक्रार कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं विषय वाचला, कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

आता बॅटरी रूम.

आमचे नवे फोरमन डिप्लोमावाले आहेत. माणूस वाईट नाही, पण हात लावायच्या आधी निकाल देतो. दुसऱ्या आठवड्यात एक बॅटरी चार्जिंगवरून नुकतीच उतरवली होती. साहेबांनी नळी घातली, ॲसिड ओढलं आणि म्हणाले, "बाराशे तीस. ही बॅटरी मेली. बाद करा."

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "गरम बॅटरी कुणी मोजतं का साहेब? गरम ॲसिड पातळ होतं, आकडा खाली दाखवतं. थंड होऊ द्या, मग मोजा. त्याशिवाय बिचारीला बाद कशी करता?"

एवढं बोललो आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. समोर भिंतीवर तापमानाचा तक्ता होता. किती गरम असेल तर आकड्यात किती मिळवायचे, ते सांगणारा. तो तक्ता मी स्वतः, माझ्या हातानं, खळ लावून तिथं चिकटवलेला होता.

गॅसवरून उतरवलेलं पातेलं. बोट घालवत होतं, पण ठेववत नव्हतं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मी एक बॅटरी गरम असताना बाद केली साहेब. भर जिन्यात."

त्यांना काही कळलं नाही. पण अर्ध्या दिवसाची रजा दिली.

घरी आलो. काकूंचं दूध अजून ज्या तीन घरी बंद झालं नव्हतं, त्यांतलं एक वहिनींचं. त्यांच्याकडून न तापवलेलं दूध मागून आणलं. डबीतला कागद काढला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात पहिलीच ओळ होती : 'दूध सत्तावीस अंश तापमानाला असताना मोजावे.' थंड पाण्याच्या बादलीत भांडं ठेवलं, तापमान जुळवलं, नळी सोडली.

एकोणतीस.

मी खाली बसलो. बायको कणीक मळता मळता बघत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग चहा पातळ का लागत होता?"

"पाणी मी वाढवलं होतं. दिवसाला आठ कप पिता आणि पित्त पित्त म्हणून रडता. म्हटलं, निदान दूध-साखर तरी कमी जाईल पोटात."

"अगं, मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

मी सायकल काढली आणि गोठ्यावर गेलो.

काकू गोठा झाडत होत्या. तीन गाई आत होत्या. चौथी, तांबडी, बाहेर वेगळी बांधलेली होती, घासूनपुसून लख्ख केलेली. मी विचारलं, ही बाहेर का?

"गिऱ्हाईक बघून गेलंय," काकू म्हणाल्या. "सभेच्या दुसऱ्या दिवशी नेणार. आठ घरं गेली, चौघींच्या वैरणीचं जमत नाही. सभेत बंदीच झाली तर दुसरीही जाईल."

तांबडीनं माझ्याकडे पाहिलं. गाईची नजर शांत असते म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

"काकू, माझं चुकलं. मी गरम दूध मोजलं. तुमचं दूध एकोणतीस आहे. मी माफी मागतो."

काकू झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "पाणी घालता असं कुठं म्हणालात, साहेब?"

"जिन्यात."

"अकरा दारं उघडी होती. आणि माफी इथं? चार गाईंपुढं? त्यांनी कुठं मला चोर म्हटलं होतं?" त्यांनी पुन्हा झाडू उचलला. "जिन्यात बोललात, जिन्यातच परत घ्या. पण जिन्यात मला येऊ देताय की नाही, ते आधी सभेत ठरू द्या."

एवढा चोख हिशेब मला कुठल्याही डिग्रीवाल्यानं कधी करून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायला कार्यालयात गेलो. खिडकीवर कळलं, अर्ज पडताळणी विभागाकडे गेला.

"कसली पडताळणी?"

"पदव्यांची. बोगस डिग्रीची तक्रार ना तुमची?"

"अहो, ती दुधाची डिग्री आहे!"

"हो का?" कारकुनानं पेन काढलं. "विषय, दुग्धशास्त्र." आणि ते त्यानं लिहूनही घेतलं.

"दुधाची म्हणजे दुधाची! पातेल्यातल्या! मला अर्ज मागे घ्यायचाय."

"घ्या ना. ज्यांची डिग्री आहे त्यांची संमती आणि मूळ प्रमाणपत्राची प्रत जोडा."

मी त्याला सांगितलं, की ज्यांची डिग्री आहे त्या चौघी आहेत आणि चौघीही अंगठा देऊ शकत नाहीत. तो म्हणाला, मग अडचण आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, तर घडा निदान भिजतो. हा भिजलासुद्धा नाही.

तेव्हा ठरवलं, कागदानं झालेलं कागदानं सुटणार नाही, सभेतच काय ते होऊ दे. आणि डबीतला तो मुंगीच्या अक्षरांचा कागद मी शेवटपर्यंत वाचून काढला. भिंग घेऊन, दोनदा. शेवटच्या ओळी अशा : 'पाणी घातल्यास डिग्री घटते. साय काढल्यास डिग्री वाढते. दोन्ही केल्यास डिग्री पूर्ववत दिसून यंत्र फसते.' यंत्र फसतं, हे यंत्राच्याच डबीत छापलेलं! एवढा प्रामाणिकपणा मी माणसाच्या प्रमाणपत्रावर कधी पाहिला नाही.

तिथून मला डेअरीचं दूध पारखायची ओढ लागली.

शनिवारी संध्याकाळी वहिनींना साक्षीला घेतलं. दुकानातून आणलेल्या दोन उंच काचपात्रांपैकी एकात काकूंचं दूध भरलं आणि दुसऱ्यात डेअरीचं, साडूनं इमारतीत नमुना म्हणून वाटलेलं. तोंडाला कागद बांधले. वहिनींनी त्यांवर दोऱ्यानं असे टाके घातले, की खुद्द पीएचडींनाही ते उसवता आले नसते. दोन्ही पात्रं फ्रिजमध्ये ठेवली. एवढ्यात दारावर टकटक झाली.

पीएचडी. काखेत फाइल. नऊ वर्षांत हा मनुष्य आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. तो आला आणि चक्क माझ्या डुगडुगत्या खुर्चीवर बसला.

"तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार केलीत?"

त्यांनी पत्र पुढं केलं. पडताळणी विभागाचं. 'आपल्या संस्थेत कमी डिग्री असूनही पूर्ण डिग्री भासविणाऱ्या व्यक्तीबाबत तक्रार प्राप्त. सेक्रेटरी या नात्याने सदर व्यक्तीच्या मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे.'

"हे तुमच्याबद्दल नाही," मी म्हणालो. "हे दुधाबद्दल आहे."

"माझी चेष्टा करू नका."

"शप्पथ. दुधाचीच डिग्री."

"माझे मार्गदर्शक आता हयात नाहीत," पीएचडी कपाळ पुसत म्हणाले. "प्रबंधाची एक प्रत होती, ती वाळवीनं खाल्ली. यात माझा काय दोष?"

मी तिसऱ्यांदा सांगितलं, दूध. त्यांचा विश्वास बसला नाही. मी खरं तेच सांगितलं होतं, यापुढे माझी जबाबदारी नाही. बायकोनं त्यांना चहा दिला. पाणी वाढवलेला.

रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. घराघरांतून खुर्च्या आल्या, मध्ये टेबल. काकू फाटकाबाहेर मोपेडला टेकून उभ्या होत्या. ठराव होईपर्यंत आत सोडायचं नाही, असा पीएचडींचा वॉचमनला हुकूम होता. साडू बर्फात ठेवलेला कॅन घेऊन आला होता. डोळ्याला गॉगल, खिशाला दोन पेनं.

पीएचडींनी माझीच नळी मागून घेतली आणि बर्फातल्या दुधात सोडली. "तेहतीस!" ते गरजले. "आणि त्या बाईंचं किती? एकवीस! मोजणाऱ्यानंच सांगितलंय."

"मोजणारा गाढव होता," मी उठून म्हणालो. "त्यानं तापलेलं दूध मोजलं. आणि तुम्ही गारठलेलं मोजताय. दूध तापलं तर आकडा पडतो, गारठलं तर चढतो. दोन्ही एका बादलीत ठेवा, एका तापमानाला आणा, मग मोजा."

कुरकुर झाली. इन्शुरन्सवाल्यांना जेवायला जायचं होतं. पण पोस्टमास्तरांनी "बरोबर आहे!" म्हणून टेबलावर हात आपटला. त्यांना काय ऐकू आलं होतं देव जाणे. वहिनींनी सकाळी घेतलेलं काकूंचं दूध आणलं, आणि अर्धा तास दोन्ही भांडी बादलीत राहिली. थर्मामीटर धरून मी मोजलं.

काकूंचं, एकोणतीस.

डेअरीचं, एकोणतीस.

पीएचडींच्या चेहऱ्यावर रंग परतला. "बरोबरी," ते म्हणाले. "म्हणजे दोन्ही शुद्ध. मग जो पावती देतो, ज्याचा गणवेश आहे, त्याला खोली द्यावी. मत घेऊ या." माना डोलायला लागल्या. तीन-चार हात तर वरही गेले. फाटकाबाहेर काकूंनी मोपेडचं स्टँड काढलं.

"थांबा!" मी ओरडलो. वॉचमनसुद्धा दचकला.

वहिनींनी फ्रिजमधली दोन पात्रं आणून टेबलावर ठेवली, टाके सगळ्यांना दाखवले आणि कात्रीनं उसवले. काकूंच्या दुधावर दोन बोटं जाड, पिवळसर साय धरली होती. डेअरीच्या दुधाचा माथा माझ्या मेव्हण्याच्या टाळूसारखा गुळगुळीत.

"साय यायला वेळ लागतो," साडू म्हणाला.

"काकूंच्या दुधाला नाही लागला तो?" वहिनी म्हणाल्या. "दोन्ही एकाच फ्रिजात होती. की तुमची साय उशिरा उठते?"

लोक हसले. पण हसण्यानं मत पडत नाही. पीएचडींनी हात वर केला. "सायीचं मला सांगू नका. यंत्र काय म्हणतं? एकोणतीस. शास्त्र हे शास्त्र असतं."

"मग शास्त्रच बघा." मी डावानं काकूंच्या दुधावरची साय काढून घेतली. उरलेलं दूध बादलीत ठेवून तापमानाला आणलं आणि नळी सोडली. "वाचा. मी नाही, तुम्ही वाचा."

इन्शुरन्सवाले वाकले. "बत्तीस! अहो, वाढली!"

"वाढली?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"वाढली, काका! साय काढली तर डिग्री वाढते! आता बघा." नळाचं पाणी पेल्यात घेतलं. थोडं ओतलं, ढवळलं. एकतीस. आणखी ओतलं. तीस. आणखी. "किती?"

"एकोणतीस," दहा-बारा गळे एकदम म्हणाले.

"साय गेली, पाणी आलं, आकडा जागेवर. हे घ्या 'जसंच्या तसं' दूध!" मी साडूच्या पुढ्यात भांडं आपटलं आणि मग जे बावीस वर्षं आत साचलं होतं, ते बाहेर आलं. "डिग्री पूर्ण आहे, माल बोगस आहे! वर आकडा झळकतोय, आत सत्त्व नाही! अशी डिग्री मिरवायला लाज कशी वाटत नाही?"

पीएचडी ताडकन उभे राहिले. "माझा प्रबंध मी स्वतः लिहिलाय!" त्यांचा आवाज चिरकला. "फक्त मधली दोन प्रकरणं दुसऱ्याकडून करून घेतली!"

सगळ्या माना साडूकडून पीएचडींकडे वळल्या.

"डॉक्टर," वहिनी अगदी मायेनं म्हणाल्या, "ते दुधाबद्दल बोलतायत."

पीएचडी खाली बसले. साडूनं गॉगल काढला, पुसला, पुन्हा घातला, कॅन उचलला आणि बर्फाचं पाणी सांडत फाटकाबाहेर गेला. जाताना काकूंच्या मोपेडला वळसा घालून गेला.

मत घेतलं. अकरापैकी दहा घरं काकूंच्या बाजूनं. अकरावे सेक्रेटरी, 'प्रकृतीच्या कारणास्तव' तटस्थ. जिन्याखालची खोली रिकामीच राहिली. तीत आता सायकली ठेवतात. इन्शुरन्सवाल्यांनी मला मिठी मारली. आजींनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कुणीतरी म्हणालं, पुढचा सेक्रेटरी बॅटरीवालाच. मला उचलून घ्यायचंही निघालं होतं, पण माझं वजन बघून ते मागं पडलं.

मी गर्दीतून वाट काढून फाटकाशी गेलो. वॉचमननं सलाम ठोकून फाटक उघडलं.

"चला, काकू."

"कुठं?"

"जिन्यात."

त्या मोपेडवरचा कॅन काढून माझ्यामागून आल्या. मागोमाग सगळी इमारत. जो तो आपापल्या मजल्यावर जाऊन दार उघडून उभा राहिला. पितळी पाटीचं दारसुद्धा बोटभर उघडलं. मी त्याच पायरीवर उभा राहिलो. सभेत तोफेसारखा सुटणारा आवाज इथं पुढच्या दारापर्यंतही पोचला नाही.

"काकूंच्या दुधात पाणी नव्हतं," मी म्हणालो. "मी गरम दूध मोजलं. माझं चुकलं."

काकूंनी कॅन पायरीवर ठेवला. "घसा बसला का, साहेब? त्या दिवशी तर आवाज फाटकापर्यंत आला होता."

"काकूंच्या दुधात पाणी नव्हतं!" मी ओरडलो. "चूक माझी होती!"

वरच्या कठड्यावरून पोस्टमास्तर वाकले. "कोण चुकलं?"

"मी!"

"कोण?"

"मी, काका! दुसऱ्या मजल्यावरचा! बॅटरीवाला! मी चुकलो! काकू बरोबर, मी चुकलो!"

जिना घुमला. खाली फाटकावर वॉचमननं मान डोलावली, पलीकडच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. फोरमनची जागा मिळाली असती, तरी मी इतक्या जोरात आणि इतक्या आनंदानं ओरडलो नसतो.

"आलं ऐकू," पोस्टमास्तर म्हणाले आणि आत गेले.

काकूंनी झाकण उघडलं, माप दुधात बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"असे हात हलवत काय उभे राहिलात, दादा? भांडं आणा. तांबडीचं आहे."